मिसळण्याआधी कळले पाहिजे

गावातल्या दूध संकलन केंद्रावर शेतकऱ्याने आणलेल्या दुधाची फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट वगळता उरणारे घन घटक, मिनिटाभरात मोजले जातात. आकडा पावतीवर छापून येतो आणि त्यावर दर ठरतो. पाणी घातले असेल तर तेही तिथेच उघड होते. मात्र त्या दुधात प्रतिजैविकाचा, म्हणजे अँटिबायोटिकचा अंश आहे का, हे त्या टप्प्यावर सहसा कोणी पाहत नाही. ती तपासणी झालीच तर टँकर डेअरीच्या दारात पोहोचल्यावर होते, किंवा त्याहूनही पुढे, पिशवीबंद दुधाचा नमुना प्रयोगशाळेत गेल्यावर. तोवर पन्नास-शंभर घरांचे दूध एक झालेले असते. दोष सापडला तरी तो कोणत्या गोठ्यातून आला हे सांगता येत नाही, आणि ज्याच्या गोठ्यातून आला त्यालाही ते कधी कळत नाही. अन्नपाण्यातले असे अंश हुडकण्यासाठी जगभर प्रतिदीप्तीवर, म्हणजे पदार्थाने उजेड शोषून पुन्हा उजेडच बाहेर टाकण्याच्या गुणावर, चालणारे बायोसेन्सर तयार होत आहेत. किती कमी प्रमाण ते पकडू शकतात, याचेच कौतुक बहुधा होते. पण त्यांचे खरे मोल तपासणीची जागा बदलण्यात आहे. प्रयोगशाळेतली माहिती ते मिसळण्याच्या अलीकडे आणू शकतात, आणि ते साधले नाही तर त्यांची सगळी सूक्ष्मता शोधनिबंधात पडून राहील.

हे अंश दुधात येतात कसे? गाईम्हशींना दगडी झाली, कास सुजली, की सडातून प्रतिजैविकाची नळी सोडतात किंवा इंजेक्शन देतात. उपचार आवश्यकच असतो. अडचण पुढची आहे. औषध दिल्यानंतर ठरावीक काळ त्या जनावराचे दूध विकायचे नसते, कारण औषधाचा काही भाग दुधावाटे बाहेर पडत असतो. दिवसाला दहा लिटर देणाऱ्या गाईचे दूध चार दिवस बाजूला काढणे म्हणजे चाळीस लिटरचे उत्पन्न सोडणे. दोन-तीन गाईंवर घर चालवणाऱ्याला ते परवडत नाही, आणि अनेकदा किती दिवस थांबायचे हे त्याला कोणी नीट सांगितलेलेही नसते. पेनिसिलीनची दुधातली कमाल मर्यादा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार किलोमागे 4 मायक्रोग्रॅम आहे, टेट्रासायक्लिन गटाची 100 मायक्रोग्रॅम. या आकड्यांवरून गणित मांडले तर दुधात उतरलेले एक ग्रॅम पेनिसिलीन अडीच लाख किलो दूध मर्यादेपर्यंत नेऊन पोहोचवू शकते. मोठ्या जनावराला उपचारात दिले जाणारे पेनिसिलीन काही ग्रॅमच्या घरात जाऊ शकते. त्यातला थोडासाच भाग दुधात उतरत असला, तरी एका गोठ्यातली चूक किती दूर पसरू शकते हे यावरून ध्यानात यावे.

दूध उकळले की सगळे निभावते, या समजुतीचा इथे उपयोग होत नाही. उकळल्याने जंतू मरतात. औषधाचे रेणू वेगळे असतात, त्यातले काही उष्णतेने थोडेफार मोडतात, काही जवळपास तसेच राहतात. पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्या माणसाला असा अंश त्रास देऊ शकतो. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकामुळे क्वचित का होईना, पण रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जाच निकामी होण्याचा धोका असतो, म्हणून अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याचा वापर अनेक देशांनी बंद केला आहे. दही आणि चीज बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न जुना परिचयाचा आहे, कारण औषधाचा अंश असलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही. सर्वांत मोठी चिंता मात्र प्रतिकारक्षम जंतूंची. 2011 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की, जंतूंची वाढ थांबवायला जेवढे औषध लागते त्याच्या 4 ते 230 पट कमी प्रमाणातही प्रतिकारक्षम जंतू इतरांना मागे टाकून वाढू लागतात. जंतू मरत नाहीत एवढे थोडे औषध निरुपद्रवी असते, या जुन्या भरवशाला त्यामुळे तडा गेला. जंतूंच्या अशा प्रतिकारामुळे 2019 या एका वर्षात जगात थेट 12 लाख 70 हजार मृत्यू झाले, असा अंदाज 2022 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

मग आज तपासणीची साधने नाहीत का? आहेत, आणि चांगलीही आहेत. एक जुनी पद्धत जंतूंचाच उपयोग करते. उष्णता सोसणाऱ्या एका निरुपद्रवी जंतूचे बीजाणू रंगद्रव्यासह छोट्या नळीत असतात. त्यात दूध टाकून सुमारे 64 अंश सेल्सिअसला ठेवले की जंतू वाढतात, आम्ल तयार होते आणि जांभळा रंग पिवळा होतो. रंग जांभळाच राहिला तर दुधात जंतूंना रोखणारे काहीतरी आहे असे समजायचे. ही पद्धत स्वस्त आणि विश्वासार्ह आहे, पण तिला दोन-तीन तास लागतात आणि ते ‘काहीतरी’ नेमके कोणते व किती, हे ती सांगत नाही. दुसरे साधन म्हणजे गर्भचाचणीसारखी पट्टी, जिच्यावर काही मिनिटांत रेघ उमटते. ती बहुधा कायद्याच्या मर्यादेच्या आसपास जुळवलेली असते आणि उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच देते. तिसरे म्हणजे द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन यांची जोड असलेले यंत्र. कोणते औषध, किती मायक्रोग्रॅम, हे ते न्यायालयात टिकेल इतक्या खात्रीने सांगते. पण त्याला मोठी गुंतवणूक, प्रशिक्षित माणूस, वातानुकूलित खोली आणि नमुन्याची दीर्घ पूर्वतयारी लागते. जे जलद आहे ते मोघम, आणि जे नेमके आहे ते दूर. या दोहोंमधली मोकळी जागा भरून काढण्याची शक्यता प्रकाशात आहे.

केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी 1852 मध्ये क्विनाइनच्या द्रावणाचा अभ्यास करून दाखवले की काही पदार्थ डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. प्रतिजैविकांपैकी टेट्रासायक्लिनमध्ये हा गुण उपजतच आहे. ते हाडांत साठते आणि अतिनील उजेडात पिवळसर चमकते. सुदानमधल्या प्राचीन नुबियाच्या, इसवी सन 350 ते 550 या काळातल्या हाडांमध्ये ही चमक दिसल्याचे 1980 साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. साठवलेल्या धान्यात वाढणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूंनी ते औषध तयार केले असावे, असा निष्कर्ष निघाला. दीड हजार वर्षांनंतरही पदार्थाची ओळख पटवून देणारी ही खूण तपासणीसाठी इतकी सोयीची का? रंगाच्या चाचणीत भरपूर उजेडात झालेला किंचित फरक ओळखावा लागतो. प्रतिदीप्तीत अंधाऱ्या पार्श्वभूमीवर उमटलेला नवा उजेड मोजायचा असतो, आणि तो वेगळ्या रंगाचा असल्यामुळे मूळ किरण गाळून टाकता येतात. म्हणून अगदी थोडे रेणूही नजरेत भरतात, आणि उजेड किती हे मोजले की पदार्थ किती याचा आकडा मिळतो.

बायोसेन्सरमध्ये दोन कामे जोडलेली असतात. एक भाग औषधाला ओळखून धरतो आणि दुसरा ती ओळख उजेडाच्या रूपाने सांगतो. ओळखणारा भाग प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, असू शकतो किंवा डीएनए वा आरएनएचा छोटा, घड्या पडलेला धागा, ज्याला ॲप्टामर म्हणतात. असे धागे निवडून काढण्याची रीत 1990 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली. अशा धाग्याच्या एका टोकाला चमकणारा रेणू आणि दुसऱ्या टोकाला ती चमक विझवणारा रेणू जोडता येतो. ही दोन टोके काही नॅनोमीटरच्या अंतरात असतील तर प्रकाश विझलेला राहतो. औषध येऊन धाग्याची घडी बदलली, टोके दुरावली, की प्रकाश पेटतो. तिसरा मार्ग तर थेट जंतूंकडूनच उसना घेतलेला आहे. टेट्रासायक्लिनला दाद न देणाऱ्या कित्येक जीवाणूंमध्ये टेटआर नावाचे प्रथिन असते. एरवी ते एका जनुकावर बसून त्याला बंद ठेवते. टेट्रासायक्लिन आत शिरले की ते जनुकावरून उठते आणि औषध बाहेर फेकणारा पंप तयार होऊ लागतो. संशोधकांनी पंपाच्या जनुकाच्या जागी चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक बसवले. हे हिरवे प्रथिन मुळात जेलीफिशमधले, ओसामू शिमोमुरा यांनी शोधलेले, आणि त्यासाठी त्यांना मार्टिन चाल्फी व रॉजर चेन यांच्यासह 2008 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणजे ज्या यंत्रणेने जंतू आपल्या औषधाला चकवतात, तीच यंत्रणा आपल्याला औषधाचा ठावठिकाणा सांगते.

आता पहिला गंभीर आक्षेप. शुद्ध पाण्यात केलेले हे प्रयोग खऱ्या दुधात टिकतील का? ही शंका रास्त आहे. दुधातले रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व स्वतःच हिरवट चमकते, स्निग्धांश प्रकाश विखुरतो, प्रथिने औषधाला धरून ठेवतात. गाईच्या पातळ केलेल्या दुधात चांगला चाललेला सेन्सर जवळपास दुप्पट फॅट असलेल्या म्हशीच्या दुधात तसाच चालेल असे गृहीत धरता येत नाही. त्याहून मूलभूत प्रश्न 2020 मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या संशोधकांनी उभा केला. ॲम्पिसिलिन पकडण्यासाठी अनेकांनी वापरलेले ॲप्टामर त्यांनी वेगवेगळ्या पद्धतींनी तपासले आणि ते ॲम्पिसिलिनला विशेषत्वाने धरतात याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. ज्या पायावर कित्येक सेन्सर उभे होते तोच कच्चा निघाला. यावरून हे तंत्र पोकळ आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. चूक उघडकीस आली ती वैज्ञानिक पडताळणीतूनच, आणि त्यातून मिळालेला धडा स्पष्ट आहे: ओळखणारा भाग खरोखर ओळखतो हे आधी सिद्ध करा, चमक नंतर दाखवा. दुधाच्या स्वतःच्या चमकेवरही उपाय आहे. युरोपियम या धातूचे आयन टेट्रासायक्लिनला चिकटले की औषधाने शोषलेली ऊर्जा त्यांना मिळते आणि ते लाल प्रकाश देतात. दुधाची चमक काही नॅनोसेकंदांत मावळते, युरोपियमची मात्र मायक्रोसेकंदांच्या हिशेबात, म्हणजे हजारो पट अधिक काळ टिकते. किरण मारल्यावर क्षणभर थांबून मग मोजले, की दुधाचा गोंधळ संपलेला असतो आणि उरतो तो औषधाचा संदेश.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. पट्ट्या कायद्याच्या मर्यादेपर्यंत पकडतात, मग त्याहून सूक्ष्म तपासणीचा सोस कशाला? उत्तर मिसळण्याच्या गणितात आहे. समजा, पन्नास शेतकऱ्यांनी सारखेच दूध आणले आणि त्यांतल्या एकाच्या दुधात पेनिसिलीन मर्यादेच्या दहापट, म्हणजे किलोमागे 40 मायक्रोग्रॅम आहे. सगळे दूध एकत्र झाल्यावर हे प्रमाण 0.8 मायक्रोग्रॅमवर येते. 4 मायक्रोग्रॅमला जुळवलेली पट्टी त्याला निर्दोष ठरवते. कायदा पाळला गेला, पण मूळ चूक तशीच राहिली आणि उद्या पुन्हा होणार. प्रत्येकाच्या किटलीची रोज तपासणी करणे खर्चाचे आहे, हे खरे. म्हणूनच मर्यादेच्या बरेच खालचे प्रमाण पकडणारा सेन्सर केंद्रावरच्या एकत्र नमुन्यासाठी हवा. तो उजळला तरच प्रत्येकाच्या राखून ठेवलेल्या चमचाभर नमुन्याकडे वळायचे. सूक्ष्मता ही इथे काटकसरीची युक्ती होते: एका चाचणीत पन्नास गोठे पाहून होतात आणि तरीही एकाची चूक लपत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो न्यायाचा आहे. सेन्सर चुकला तर एखाद्या निर्दोष शेतकऱ्याचे दूध ओतून दिले जाईल, आणि त्याला दाद मागायला जागा नसेल. म्हणूनच सेन्सरकडे निकाल देण्याचा अधिकार असता कामा नये. त्याचे काम चाळणीचे आहे. संशयित वेगळे काढायचे आणि अखेरचा शब्द प्रयोगशाळेतल्या यंत्राचा ठेवायचा. अशी साखळी उभी राहू शकते याचा दाखला अमेरिकेत आहे. तिथे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून दुधाचा प्रत्येक टँकर रिकामा करण्याआधी पेनिसिलीनच्या गटातल्या औषधांसाठी तपासावा लागतो, आणि प्रत्येक फार्मचा वेगळा नमुना टँकरबरोबरच येतो. टँकर सदोष निघाला तर या नमुन्यांवरून फार्म ओळखला जातो. तेव्हापासून सदोष टँकरांचे प्रमाण खूपच घटले. मात्र तिथले फार्म मोठे आहेत आणि शेतकऱ्यावर पडणारा भुर्दंडही मोठा असतो. आपल्याकडच्या दोन गाईंच्या गोठ्याला तीच शिक्षा लावली तर तो शेतकरी माहिती दडवायला शिकेल. इथे पहिल्या वेळी दंडाऐवजी पशुवैद्यकाची भेट आणि विक्री थांबवण्याच्या दिवसांची माहिती मिळावी, आणि ‘गाईवर उपचार चालू आहेत’ असे आपणहून सांगणाऱ्याला डेअरीने त्या दिवसांचा काही मोबदला द्यावा. चाळीस लिटर दुधाची किंमत एका खराब टँकरच्या किमतीपुढे काहीच नाही.

आपल्याला हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच किनाऱ्याकडे पाहावे. युरोपात जाणाऱ्या संवर्धित कोळंबीसाठी सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाची व्यवस्था आहे. तळ्यातून कोळंबी काढण्यापूर्वीच तिचा नमुना क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली प्रतिजैविके यांच्यासाठी प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचणीने तपासला जातो आणि प्रमाणपत्र मिळाल्यावरच माल पुढे सरकतो. युरोपने माल परत पाठवल्याचे चटके बसले म्हणून ही शिस्त आली. म्हणजे मिसळण्याआधी तपासणे आपल्या कुवतीबाहेरचे नाही. परदेशी ग्राहकासाठी जे आपण तळ्याकाठी करतो, ते आपल्या लेकरांच्या दुधासाठी संकलन केंद्रावर करायला हवे, इतकाच मुद्दा आहे.

पाण्याच्या बाबतीत मिसळण्याआधी तपासण्याचे महत्त्व आणखी ठळक होते. हैदराबादजवळच्या पटनचेरू इथे सुमारे 90 औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या सामायिक शुद्धीकरण केंद्राच्या पाण्याचे विश्लेषण स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटाने 2007 मध्ये प्रसिद्ध केले. प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक होते. उपचार घेत असलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. प्रतिकारक्षम जंतूंची निवड होऊ नये यासाठी लार्सन यांच्याच गटाने पुढे सुचवलेली सुरक्षित पातळी लिटरमागे 64 नॅनोग्रॅम आहे. दोन आकड्यांत जवळपास 4 लाख 80 हजार पटींचे अंतर आहे. भारत सरकारने जानेवारी 2020 मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला होता. 2021 मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा गाळलेल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2024 मध्ये याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत, त्यामुळे पुन्हा विचार करायला आधार मिळाला आहे.

इथे नवे सेन्सर काय करू शकतील? अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या ज्युलियस लक्स यांच्या गटाने 2020 मध्ये एक रचना मांडली. तिच्यात जिवंत पेशी नसते. टेटआरसारखे प्रथिन, डीएनएचा तुकडा आणि आरएनए बनवणारे विकर (एन्झाइम) असे मोजके घटक गोठवून कोरडे करून नळीत ठेवतात. तपासायचे पाणी घातले की रचना जागी होते, आणि त्यात टेट्रासायक्लिन असेल तर रंगद्रव्याला पकडून चमकवणारा आरएनए बनू लागतो. नदीच्या पाण्यातल्या नॅनोग्रॅमच्या पातळीपर्यंत जाणे अशा नळ्यांना अवघड आहे, हे मान्य करायला हवे. पण नदीत पोहोचेपर्यंत थांबायचेच कशाला? कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी, पाणी इतर पाण्यात मिसळण्याआधी, हेच प्रमाण कितीतरी अधिक असते. योग्य जागी तपासले तर साध्या सेन्सरचेही काम भागते. चुकीच्या जागी उत्तमातले उत्तम यंत्रही कारखान्याचे नाव सांगू शकत नाही.

शेवटचा आक्षेप असा की हा प्रश्न मुळात लहान आहे. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या दूध सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी 77 मध्येच, म्हणजे 1.2 टक्क्यांमध्ये, प्रतिजैविके मर्यादेबाहेर आढळली. प्रतिकारक्षम जंतूंमागे माणसांनी स्वतः घेतलेल्या औषधांचा वाटा मोठा आहे, हेही खरे. दोन्ही गोष्टी मान्य केल्या तरी निष्कर्ष बदलत नाही. ज्या नमुन्यांत अनेक गोठ्यांचे दूध आधीच एक झालेले असते, त्यांतला 1.2 टक्क्यांचा आकडा सरासरीचा परिणाम भोगून आलेला असतो. वर मांडलेल्या गणिताप्रमाणे दहापट दोषी किटलीसुद्धा अशा नमुन्यात दिसेनाशी होते. शिवाय डॉक्टरची चिठ्ठी आणि औषध दुकान यांवर लक्ष ठेवण्याचे काम वेगळे आहे आणि ते चालूच राहिले पाहिजे. एक दार उघडे आहे म्हणून दुसरे लावू नये, असे कोणी म्हणणार नाही.

सेन्सर कायदा करत नाही, गाय बरी करत नाही, नदीही स्वच्छ करत नाही. तो फक्त एक माहिती लवकर देतो. पण या प्रश्नात उशीर हेच सर्वांत मोठे नुकसान आहे, कारण मिसळल्यानंतर माहितीला मालक उरत नाही आणि मालक नसलेल्या चुकीची दुरुस्ती कोणी करत नाही. म्हणून संशोधकांकडे मागणी हवी ती अधिकाधिक लहान आकड्यांच्या शर्यतीची नव्हे. म्हशीचे न पातळ केलेले दूध, कारखान्याचे खरे सांडपाणी, उन्हाळ्यातले चाळीस अंशांचे तापमान आणि प्रयोगशाळेशी ताडून पाहिलेले निकाल यांवर उतरलेल्या सेन्सरची ती मागणी असावी. डेअऱ्यांनी प्रत्येक शेतकऱ्याचा रोजचा छोटा नमुना टँकरचा निकाल येईपर्यंत जपून ठेवण्याची सवय आजपासून लावावी. त्यासाठी कुठल्याही नव्या शोधाची गरज नाही. आणि सरकारने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांच्या मर्यादा नियमांत आणाव्यात, कारण ज्याला मर्यादाच नाही ते मोजून कुणाला जबाबदार धरता येणार नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या तर प्रकाश देणाऱ्या या छोट्या रेणूंना करण्याजोगे काम मिळेल.